उजवीकडून ओढलेली रेघ

या पानावर लोक आपापले गूढ अनुभव लिहितात आणि बहुतेक अनुभवांखाली एक खडूस माणूस येऊन एकाच शब्दाची प्रतिक्रिया टाकतो — "पुरावा?" तो माणूस मी. तेव्हा आज मीच लिहायला बसलोय म्हटल्यावर काही जणांना गुदगुल्या होतील, आणि त्यांचा तो हक्क आहे.

आधी स्वतःबद्दल थोडं. मी चिकलठाण्याच्या एका कारखान्यात क्वालिटी कंट्रोलमध्ये एकतीस वर्षं काढली. माल चांगला आहे असं नुसतं वाटून चालत नाही, सॅम्पल काढून तपासावं लागतं, ही माझी रोजीरोटी होती. भूत, मूठ, करणी, कुणाच्या अंगात येणं... यातलं काही मी मानलं नाही आणि आजही मानत नाही. रिटायर झाल्यावर पुंडलिकनगरमध्ये आमच्या वसाहतीच्या हॉलमध्ये दर रविवारी सकाळी एक वर्ग सुरू केला. विषय — शिकलेल्या माणसांनी विचार कसा करावा. येणारे सगळे पदवीधर. बँकेतले, इंजिनियर, दोन-तीन शिक्षिका, एक निवृत्त तहसीलदार. डोळ्यांना दिसलं काय आणि आपण त्यावरून ताडलं काय, हे वेगळं ठेवा. आपल्या मताला धरून असलेली उदाहरणं लगेच सापडतात, विरुद्ध उदाहरणं मुद्दाम शोधावी लागतात. कोण बोलतंय ते बाजूला ठेवून काय बोलतंय ते तपासा. असं सगळं मी फळ्यावर लिहून शिकवायचो, आणि फार छान शिकवतो असं मला वाटायचं.

हे मला ज्यांनी शिकवलं ते सावरगावकर सर. शाळेत आम्हाला विज्ञान शिकवायचे. सरांचं स्वतःचं मॅट्रिकपर्यंतचं शिक्षण निजामाच्या राज्यात झालेलं, म्हणजे सगळं उर्दूतून. पोलीस ॲक्शन झाली, कारभार बदलला, आणि पुढं मराठी शाळेत मास्तर झाल्यावर त्यांनी मराठी लिहिण्याचा हात नव्यानं बसवला. बोलताना मात्र जुने शब्द सुटले नाहीत. वर्गात कुणी काही ठोकून दिलं की ते खडू खाली ठेवायचे आणि म्हणायचे, "बरं. सबूत? आधी तहकीकात, मग फैसला." आणखी एक गोष्ट सुटली नव्हती, ती हाताची. आपण अक्षरं काढून झाली की वरची रेघ डावीकडून उजवीकडं ओढतो. सर ती उजवीकडून डावीकडं ओढायचे. लहानपणी हात उर्दूवर तयार झालेला, त्याला मागं फिरायची सवय. शाईच्या पेनानं लिहिलं की रेघेच्या उजव्या टोकाला शाईचा बारीक ठिपका साचायचा आणि डावीकडं रेघ पातळ होत जायची. आम्ही पोरं त्याची नक्कल करून हसायचो.

मी सांगतोय ती गोष्ट घडली तेव्हा सर जाऊन सहा वर्षं झाली होती. मी स्वतः खांदा दिला होता. हे पक्कं लक्षात ठेवा.

गोष्ट दहा-अकरा वर्षांपूर्वीच्या मे महिन्यातली. आमच्या गल्लीत कावीळ निघाली. एक, दोन करत नऊ माणसं पडली. आणि मी दिवस मोजायला लागलो, कारण आमची मंजिरी बाळंतपणासाठी पुण्याहून पुढच्या शनिवारी येणार होती. आठवा महिना. आमचे डॉक्टर म्हणाले, "पोटुशा बाईला ही कावीळ झाली तर फार जपावं लागतं. जिवावर बेतू शकतं. अन्नातून होते किंवा पाण्यातून." या वाक्यातलं मी नेमकं 'अन्नातून' एवढंच ऐकलं.

का, तर गल्लीच्या टोकाला कौसाबाई राहायची. पाचोडची बाई, नवरा गेलेला, सासूला घेऊन शहरात आलेली. दोन खोल्या भाड्यानं घेऊन डबे करून द्यायची. आमच्या गल्लीत आणि मागच्या गल्लीत मिळून वीसेक घरी तिचा डबा जायचा, आमच्याही घरी. सुनंदाचे — म्हणजे आमच्या सौभाग्यवतींचे — गुडघे दुखायला लागले तेव्हापासून. हाताला चव होती बाईच्या. पण ती भांडी दारात जमिनीवर बसून घासायची, आणि ते माझ्या डोळ्यात कधीपासून सलत होतं.

मी वही घेतली आणि नऊही आजारी घरांत जाऊन एकच प्रश्न विचारला, "कौसाबाईचा डबा घेता का?" सात घरं हो म्हणाली. झालं! दोन घरं नाही म्हणाली. त्यातल्या राऊत काकू तर बाहेरचं पाणीसुद्धा न पिणाऱ्या. पण मी हटतोय होय? "काकू, नीट आठवा, महिन्याभरापूर्वी समोर सत्यनारायण होता, तिथला प्रसाद घेतला होता ना? त्या दिवशी कौसाबाई मदतीला होती." काकू म्हणाल्या, "असेल बाई." मी वहीत टिक केली. दुसऱ्या घराचंही असंच काहीतरी जमवलं. नवापैकी नऊ!

सुनंदा दारातून बघत होती. म्हणाली, "तुमचं आधी ठरलंय आणि मग विचारताय."

"नवापैकी नऊ आहेत," मी म्हणालो.

"राऊत काकूंना तुम्ही प्रसाद खाऊ घातलात," ती म्हणाली आणि आत गेली. मी तिच्याकडं दुर्लक्ष केलं. लग्नाला पस्तीस वर्षं झाली होती, सवय होती.

शनिवारी मी कौसाबाईकडं गेलो आणि डबा बंद करायला सांगितलं. उद्या संध्याकाळी गल्लीची बैठक आहे, घरमालकही येणार आहेत, खोल्या सोडायची तयारी ठेव, हेही सांगितलं. ती कणीक मळत होती. हात तसेच कणकेत ठेवून माझ्याकडं बघत राहिली.

"साहेब, काय बोलायलात तुम्ही? माझी सासू सत्तरीची हाय. तीन टाइम हेच खाती. तिला काय झालंय का? मला काय झालंय का?"

"तुम्हा लोकांना सवय असते," मी म्हणालो.

हे वाक्य मी बोललो. खोडून टाकावंसं फार वाटतंय, पण राहू देतो.

"खोल्या गेल्या तर मी पाचोडला जाऊन काय करू? तिथं काय ठिवलंय माझं?" ती म्हणाली. तो माझा प्रश्न नाही, असं मी धरून चाललो. मंजिरी येणार होती, त्याआधी गल्ली साफ करायची होती, बस.

आता रविवार. वर्गात एक पद्धत होती. शिकलेल्या माणसाला उघड प्रश्न विचारायची लाज वाटते, म्हणून मी टेबलावर कोऱ्या चिठ्ठ्या आणि बिस्किटांचा पत्र्याचा डबा ठेवायचो. नाव न घालता प्रश्न लिहून डब्यात टाकायचा, शेवटी मी एकेक वाचायचो. त्या आठवड्यात वर्गाची पत्रकं छापून आणली होती, शनिवारी संध्याकाळी प्रेसमधून हातात आली तर वेळ चुकलेली. सुनंदा म्हणाली, फेकू नका, मागची बाजू कोरी आहे. म्हणून रात्री जेवणाआधी मी स्वतः कात्रीनं त्यांच्या चिठ्ठ्या केल्या. डबाही स्वतः रिकामा करून पुसला. हे सगळं का सांगतोय ते कळेल.

त्या दिवशी मी उदाहरण म्हणून आमच्या गल्लीतली कावीळच घेतली. फळ्यावर नऊ घरं काढली, नऊ खुणा केल्या, पुरावा कसा गोळा करावा ते ऐटीत सांगितलं. लोकांनी माना डोलावल्या. मग डबा उघडला. सहा-सात चिठ्ठ्या होत्या. एक होमिओपॅथीबद्दल, एक राशीच्या खड्यांबद्दल, नेहमीचंच. चौथी की पाचवी चिठ्ठी उघडली. बाकी सगळ्या बॉलपेनच्या, ही निळ्या-काळ्या शाईची.

'जे आजारी पडले नाहीत, त्यांना विचारलंस का?'

मी ती मोठ्यानं वाचली नाही. त्या वर्गात मला सगळे अहोजाहो करायचे. 'विचारलंस' म्हणणारं माणूस माझ्या आयुष्यात आता एक ताई उरली होती, आणि ती नांदेडला होती. अक्षर मी ओळखलं, पण ओळखलं असं स्वतःला म्हणू दिलं नाही. डोळे आपोआप वरच्या रेघेकडं गेले. उजव्या टोकाला ठिपका. डावीकडं पातळ.

मी खुर्चीत बसलो, पाणी प्यायलो आणि आज इथंच थांबू म्हणालो. तहसीलदारांनी विचारलं, "बीपी का?" मी हो म्हणून टाकलं.

घरी आलो. जेवण गेलं नाही. अक्षराचं काय ते नंतर बघू, पण प्रश्न तर बरोबर होता ना! मी ज्या कारखान्यात होतो तिथं नुसता खराब माल तपासून कारण सांगणाऱ्याला मी चहा पाजून घरी पाठवला असता. चांगला मालही त्याच मशीनमधून निघतो का, हे बघायला नको? आणि मीच नेमकं ते केलं नव्हतं.

भर दुपारी डोक्याला रुमाल बांधून निघालो. आधी मागची गल्ली. तिथं अकरा घरी कौसाबाईचा डबा जात होता. अकराही घरं ठणठणीत! एक म्हातारे तर म्हणाले, "तिच्या वरणामुळंच मी उभा आहे." मग आमची गल्ली. आमचं घर नशिबानं वाचलं होतं, ते सोडलं तर डबा घेणारी पण आजारी नसलेली दोनच घरं होती. एकाकडं स्वतःचं बोअर, नळाचं पाणी ते वापरतच नव्हते. दुसऱ्या घरात आजोबांच्या किडनीसाठी वर्षभर पाणी उकळूनच पीत होते. मी तिथंच त्यांच्या ओट्यावर बसलो. मग राऊत काकूंकडं जाऊन, या वेळी काहीही आठवायला न लावता, विचारलं की पाणी कुठलं पिता. "नळाचं. गाळून," काकू म्हणाल्या. "हल्ली सुरुवातीला जरा गढूळच येतं."

गढूळ येत होतं हे मलाही माहीत होतं. सगळ्यांनाच. पाइप धुतला जातोय म्हणून आम्ही सोडून देत होतो.

आमच्याकडं नळ चौथ्या दिवशी यायचा. पाणी आलं रे आलं की शेजाऱ्यानं ओढायच्या आत आपण ओढावं म्हणून प्रत्येक घरानं थेट लाइनीला मोटार लावलेली. माझीही होती, जरा जास्त ताकदीचीच. आमच्या शेजारी सोनवणे म्हणून सिव्हिल इंजिनियर राहतात, त्यांना घेऊन मी लाइन बघायला गेलो. गल्लीच्या तोंडाशी, एका बांधकामासाठी महिन्यापूर्वी खोदलं होतं तिथं, ड्रेनेजच्या चेंबरजवळ माती ओली होती. नळाला तीन दिवस पाणी नव्हतं आणि मे महिना होता. सोनवणे खाली वाकून बघत म्हणाले, "पाइपाला चीर असणार. पाइप रिकामा असताना मोटारी लागल्या की बाजूचं मिळेल ते आत ओढतात." मग माझ्याकडं वळून म्हणाले, "आपण गटार ओढलंय, साहेब. स्वतःच्या हातानं."

संध्याकाळी बैठक. खुर्च्या मांडलेल्या, घरमालक आलेले. कौसाबाई मागं गेटजवळ उभी होती, बसा म्हणायचं कुणाला सुचलं नव्हतं. मी उभा राहिलो आणि आधी तेवढंच म्हणालो, "कौसाबाई, बसा." मग वही उघडली. कालची नऊ घरं वाचली, आजची तेरा वाचली, राऊत काकूंच्या प्रसादाचंही सांगितलं. मी चुकलो, असं पंचवीस माणसांसमोर म्हणालो.

"अहो, पण काल तर तुम्हीच छातीठोकपणे सांगत होता," एक जण म्हणाले.

"काल मी अर्ध्यांनाच विचारलं होतं," मी म्हणालो.

मंगळवारी खोदलं. चीर निघाली, बोट जाईल एवढी. लाइन दुरुस्त झाली, मोटारी काढल्या — सगळ्यांनी नाही, पण बऱ्याच जणांनी — आणि महिनाभर घराघरांत पाणी उकळलं. नंतर एकही नवा माणूस पडला नाही. मंजिरी शनिवारी आली. जुलैत नात झाली, तीन किलोची, आवाजानं गल्ली दणाणून सोडणारी. कौसाबाईला काढून मी निर्धास्त झालो असतो आणि माझ्या लेकीला त्याच नळाचं पाणी पाजलं असतं, हा विचार आजही पाठ सोडत नाही. सर, तुमचे उपकार फिटायचे नाहीत. हे मी मोठ्यानं म्हणतो अधूनमधून. तुम्ही ऐकता असं मी मानत नाही, तरी म्हणतो.

आता चिठ्ठी. तुम्ही "पुरावा?" विचारायच्या आत सांगतो, मी काय काय केलं.

जुनी चिठ्ठी डब्यात राहिली असेल? कागद आदल्या संध्याकाळचा होता. मागं चुकलेल्या वेळेचं पत्रक छापलेलं, माझ्या कात्रीचा वाकडा काप. कुणी चेष्टा केली असेल? पुढच्या रविवारी मी सगळ्यांकडून तेच वाक्य लिहून घेतलं. एकाचंही जुळलं नाही. बँकेतले देशपांडे डावखुरे, म्हटलं सापडले! ते रेघच ओढत नाहीत. मग सगळ्यांना शपथ घातल्यासारखं विचारलं, कुणीच लिहिली नव्हती. म्हणजे, कुणी कबूल केलं नाही. तेवढंच मला म्हणता येतं. सरांच्या हाताखालून गेलेले विद्यार्थी शहरात हजारो असतील, त्यांतला कुणी हॉलमध्ये येऊन गेला असेल? हॉलचं दार उघडं असतं. पण तो चिठ्ठी टाकून जाताना तेरा माणसांपैकी एकालाही दिसला नाही. मीच लिहिली असेल, स्वतःच्या नकळत? ही शक्यता मला सगळ्यात जवळची वाटली. म्हणून सुनंदासमोर बसून सरांचं अक्षर काढायचा पंधरा दिवस प्रयत्न केला. ती म्हणाली, "कोंबडीचे पाय आहेत हे." शिवाय माझ्याकडं शाईचं पेन कॉलेजनंतर नाही.

शेवटी सरांच्या मुलीकडं गेलो, माधुरीताई. त्यांना काही सांगितलं नाही. त्याच पत्रकाच्या सात चिठ्ठ्या वेगवेगळ्या माणसांकडून शाईच्या पेनानं लिहून घेतल्या होत्या, त्यात ती आठवी मिसळली आणि टेबलावर पसरली. "यातलं एखादं अक्षर ओळखीचं वाटतं का बघा," एवढंच म्हणालो. त्यांनी चष्मा लावला. आठांवरून एकदा नजर फिरवली आणि सरळ ती उचलली.

"हे बाबांचं. कुठं सापडलं तुम्हाला?"

मग त्यांनी ती उलटी केली. मागचं पत्रक वाचलं. माझं नाव, वर्गाची वेळ, छपाईचं साल. पुन्हा सुलटी करून रेघेवरून बोट फिरवलं. मग चिठ्ठी माझ्या हातात देऊन म्हणाल्या, "तुम्हाला लिहिलीय, तुम्हीच ठेवा."

ती माझ्याकडं आहे. खोटी वाटली तर येऊन बघा, भिंगही आहे.

दोन-तीन महिन्यांनी मी ही हकीकत कौसाबाईला सांगितली. माफी आधीच मागून झाली होती. सोमवारी सकाळी तिच्या दारात उभा राहून मागितली होती, आणि तिनं "ऱ्हाऊ द्या, डबा चालू करू का तेवढं सांगा" म्हणून विषय संपवला होता. पण चिठ्ठीचं तिला कळायला हवं असं मला वाटत होतं. बारशाचा स्वयंपाक तिच्याकडंच होता. तेव्हा ओट्यावर बसून सगळं सांगितलं. रेघेचं, शाईचं, माधुरीताईंचं. गेलेल्या माणसानं येऊन तुझ्या खोल्या वाचवल्या बघ, असंही काहीतरी म्हणालो. ती पुरण वाटत होती. हात न थांबवता ऐकत होती.

"लई मोठा माणूस असंल," ती म्हणाली. "देव त्यांचं भलं करो." मग थोडं पुरण वाटून झाल्यावर म्हणाली, "पर साहेब, एक इचारू? राग नका धरू."

"विचार ना."

"शनवारी मी बी तेच बोलले व्हते की तुम्हाला. माझी सासू तेच खाती, तिला काय झालंय का म्हणून. त्या चिठ्ठीत दुसरं काय व्हतं?"

दुसरं काहीच नव्हतं. शब्द वेगळे, प्रश्न तोच. तो जिवंत माणसानं, माझ्या तोंडावर, कणकेचे हात घेऊन विचारला होता, आणि मी तो ऐकलासुद्धा नाही. कोण बोलतंय ते बाजूला ठेवा, हे दर रविवारी फळ्यावर लिहिणारा मी! तोच प्रश्न सरांच्या अक्षरात आल्यावर मात्र मी भर दुपारी डोक्याला रुमाल बांधून निघालो.

तिनं वाटीत पुरण काढून पुढं केलं. "चव बघा, साखर कमी तर नाय ना?" म्हणाली. साखर बरोबर होती.

नात आता पाचवीत आहे. दर वाढदिवसाला पुरणपोळी कौसाबाईकडूनच येते. चिठ्ठी कुणी लिहिली याचं स्पष्टीकरण माझ्याकडं आजही नाही. कुणाकडं असेल तर खाली लिहा, मी मनापासून वाचेन. कौसाबाईच्या प्रश्नाचं उत्तर मात्र मला त्याच दिवशी, तिच्या ओट्यावर बसल्या बसल्या कळलं होतं, आणि त्याला कुठल्याही सबुताची गरज नव्हती. मी वर्ग अजून घेतो. नवे लोक आले की पहिल्या दिवशी 'माझी सासू तीन टाइम हेच खाती, तिला काय झालंय का?' हे तिचंच वाक्य फळ्यावर लिहितो, तिच्याच शब्दांत, आणि खाली तिचं नाव घालतो.